सतरा नंबरचं दार

सोमवार, १ जुलै

आज कामावर रुजू झालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून डबा भरताना माझं मलाच हसू आलं. ऑस्ट्रेलियातला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्यात बॅलरॅटची थंडी अशी की गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडण्यात दहा मिनिटं गेली. वृद्धाश्रमाच्या मॅनेजर गेल पास्को यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि म्हणाल्या की डेस, या इमारतीत जे जे करकरतं, गळतं, अडकतं ते सगळं आजपासून तुमचं, माणसं सोडून.

माझी थोरली बहीण नोरीन दोन वर्षांपासून इथं नऊ नंबरच्या खोलीत आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून चाकाच्या खुर्चीत असते, पण जिभेला काही झालेलं नाही. मला बघून म्हणाली, अरे गधड्या, आता रोज तुझं थोबाड बघायचं का? मग निदान माझ्या खिडकीची फट तरी बुजव. दहाच्या चहाला जॅम लावलेले स्कोन, म्हणजे छोटे भाजके पाव, होते. तिच्या शेजारी बसून दोन खाल्ले. आईनंतर आम्ही दोघंच. खूप बरं वाटलं.

बुधवार, ३ जुलै

आगीची, म्हणजे आग अडवणारी, दारं तपासायला घेतली. एकूण चौतीस आहेत. तपासनीस एकोणीस तारखेला येणार.

लोकांना वाटतं दार म्हणजे एक जाड फळी. आगीचं दार म्हणजे अख्खं कुटुंब असतं. पोटात न जळणारा गाभा, त्यावर लाकडाचा पातळ थर, त्यावर रंग किंवा पॉलिश. कडेला एक पट्टी बसवलेली असते; ती एरवी मुकाट पडून असते आणि आग लागली की फुगून फट बंद करते. वर क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारा दांडा. दारातल्या छोट्या खिडकीची काच अशी की तापली की दुधासारखी पांढरी होते आणि पलीकडची झळ अडवते. यातला एक जरी कामचुकार निघाला तरी बाकीच्यांची मेहनत मातीत. बिजागरीच्या बाजूला धातूचा छोटा बिल्ला रिबिटनं ठोकलेला असतो. कुणी केलं, कधी केलं, किती वेळ टिकेल, सगळं त्यावर. इथल्या रंगाऱ्यानं निम्मे बिल्ले रंगवून टाकलेत. मी आयुष्यभर दारंच बनवली; आमच्या धंद्यात यासारखा गाढवपणा नाही.

सतरा नंबरचं दार बैठकीची खोली आणि नऊ खोल्यांची ओळ यांच्या मधलं; नोरीनची खोली त्याच ओळीत शेवटची. बैठकीच्या बाजूनं पिवळसर रंग, खोल्यांच्या बाजूनं ब्लॅकवुड या गडद लाकडाचा थर आणि त्यावर जुनं पॉलिश, बघत राहावं असं. इर्मा ट्रेलोअर या एक्क्याण्णव वर्षांच्या बाई दाराला खुर्ची टेकवून बसल्या होत्या आणि हँडलवर त्यांचे ओले मोजे. मी रागावलो तर म्हणाल्या की पोरा, तुझ्या हीटरपेक्षा हे दार जास्त ऊब देतं, त्याला पगार दे.

शुक्रवार, ५ जुलै

इर्माबाई खरं बोलत होत्या. सतरा नंबर बैठकीच्या बाजूनं गरम आहे, चहाच्या कपाइतकं. भिंतीत पाइप नाही, वायर नाही. नकाशे दोनदा पाहिले. खोल्यांच्या बाजूनं पॉलिश थंडगार.

दार उघडलं तर कडेची पट्टी फुगलेली. ही पट्टी उन्हानं फुगत नाही, हीटरनंही नाही. तिला फुगायला खरी आगच हवी. जुनी असेल असं म्हणून नवी बसवली.

मंगळवार, ९ जुलै

नवी पट्टीही फुगली. चार दिवसांत.

आज जेवणाच्या सुमाराला दाराची काच पांढरी झाली. मी समोर उभा होतो. खालच्या कोपऱ्यातून सुरू झाली आणि हळूहळू वर चढत गेली. रंगाला बारीक फोड आले. क्लोजरमधून तेल गळलं. आग लागल्यावर दार ज्या क्रमानं जे जे करतं ते सगळं हे दार करतंय, आणि बैठकीत दहा-बारा म्हाताऱ्या टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत बसल्यात.

गेलबाईंनी अग्निशमनवाले बोलावले. त्यांच्या कॅमेऱ्यात दार गार दिसलं. त्यांच्यातला मोठा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की काच सदोष असेल, बदला, आणि भाऊ, जरा झोप काढा. मी माझा तळवा दाखवला. लाल झाला होता. तो म्हणाला, हो का.

गुरुवार, ११ जुलै

बिल्ल्यावरचा रंग खरवडला. खरवडायला नको होता.

बिल्ला मी पूर्वी दारं बनवायचो त्या कारखान्याचा. कोपऱ्यात ठोकणाऱ्याचा आकडा असतो. आकडा माझा आहे.

बावीस वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मला पक्का आठवतो. गाभ्याचा माल येईना, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली. मालक म्हणाला की साधा भुसाबोर्ड भरा, वरून दिसतंय कुणाला. मी भरला. वर सुंदर थर चढवले, पॉलिश मारलं आणि दोन तास टिकेल असा बिल्ला ठोकला. माझ्या हातानं. त्यातली सहा दारं एका हॉस्टेलला गेली. पुढच्या वर्षी ते जळलं. तिघं गेले. चौकशीत वायरिंगवर ठपका आला, दारं राखच झाली होती. मी पेपर घडी करून बंबात टाकला आणि एकवीस वर्षं तोंड उघडलं नाही.

मला वाटतं ती आग अजून विझली नाही. ती माझी दारं शोधत फिरतेय. हे वाचून कुणी मला वेडा म्हणेल. म्हणू दे. मला भीती वाटते.

शनिवार, १३ जुलै

नोरीनला म्हटलं, खोली बदल. ती म्हणाली की तुझं डोकं फिरलंय का, माझ्या खिडकीतून तळं दिसतं, मी मेल्यावरच हलवा. वर विचारलं, तोंड का असं उतरलंय, काय करून आलास?

सांगायचं होतं. तिचा वाकडा हात माझ्या हातात होता. सांगितलं तर ती गेलबाईंना सांगायला लावणार, नोकरी जाणार, कदाचित तुरुंग, आणि मग हिला बघायला कोण येणार? ही माझी सबब. लिहिताना मलाच ती पोकळ वाटते.

एकोणीस तारखेच्या आत नवं दार बसवीन. चांगल्या गाभ्याचं. कुणाला कळायचं कारण नाही.

सोमवार, १५ जुलै

नवं दार परवा सकाळी नऊला येणार.

इर्माबाई आता दारापाशी बसत नाहीत. खुर्ची पार खिडकीशी नेली. मोजे करपलेत म्हणाल्या. हसल्या नाहीत.

फोड आज माझ्या डोक्याइतके वर आलेत. रंग लावला. रंग लावता लावता सुकला.

बुधवार, १७ जुलै, सकाळी ९.२०

आगीचं दार उतरवायचं तर आधी त्या भागातल्या सगळ्यांना कळवायचं, खोल्या रिकाम्या करायच्या, माणूस राखणीला ठेवायचा. नियमच आहे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर का म्हणून विचारतील. पावणेनऊला बिजागऱ्या सोडवल्या आणि दार बागेत नेऊन सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं.

ट्रक आला नाही. टायर गेलाय, तासभर लागेल असं ड्रायव्हर फोनवर म्हणाला. नऊ खोल्या, नऊ जण, आणि मधे उघडी चौकट.

९.३५

नुसतं बसवेना म्हणून जुन्या दाराला करवत लावली. गाभा बघायचा होता.

कोळसा. बैठकीच्या बाजूपासून आरपार कोळसा. भुसाबोर्ड केव्हाच संपलाय. खोल्यांच्या बाजूचा ब्लॅकवुडचा थर तेवढा उरलाय, नखाएवढा जाड. इतके दिवस ती आग त्या पॉलिशनं अडवली होती. मी दिखाव्यासाठी लावलेल्या पॉलिशनं —

आणि ते मी काढून आणलं.

९.४१

चौकटीचा रंग फुगतोय. वरून खाली. छत काळं पडतंय. टीव्ही चालू आहे, कुणाला काही —

आगीच्या घंटेची काच फोडली. ओरडलो. बैठकीतल्या बायका पुढच्या दारानं बाहेर पडल्या. नऊ खोल्यांतल्यांच्या खुर्च्या बागेकडच्या दारानं काढा म्हटलं, गेलबाई आधी वैतागल्या, मग त्यांनी छत पाहिलं. आता त्या कामावरच्या पोरींबरोबर खुर्च्या ढकलतायत. पाच गेल्या. नोरीन शेवटच्या खोलीत.

९.४६

करवतलेलं दार ओढत आणून चौकटीत उभं केलंय. बिजागऱ्या नाहीत. खोल्यांच्या बाजूनं पाठ लावून बसलोय. पॉलिश पाठीला. अजून थंड आहे. नाही — आता नाही.

सात गेल्या. नोरीन हाका मारतेय, डेसी ऊठ म्हणतेय. तिला आधी न्या म्हटलं. मी उठलो तर दार पडेल.

गेलबाई, वही मी ओळीत लांब फेकीन, उचला. ११ तारखेचं पान वाचा. ते खरं आहे. पोलिसांना द्या.

त्या हिवाळ्यात एकूण बासष्ट दारं केली. कोणतं कुठं गेलं मला तोंडपाठ आहे, एकवीस वर्षं रोज मोजतोय. बाकीची अजून ठिकठिकाणी बसवलेली आहेत. त्यांच्यामागे माणसं झोपतात. ताबडतोब काढायला सांगा, पण आधी माणसं बाहेर काढा, मग दारं. लिहून घ्या —

पहिली सहा हॉस्टेलची. जळाली.

पुढची चौदा मुलांच्या हॉस्पिटलला, ते इथून सरळ रस्त्यानं, त्याचं नाव