एक्सपोर्ट क्वालिटीची नवरी

३ ऑगस्ट १९९२
देशाचा बाजार खुला झाला आणि मी अजून आवक-जावक क्लार्क! आजपासून बिनपगारी रजा. हाताने शिवलेल्या बाहुल्या विकणार. नऊवारीतली नवरी. फॉरेनला हॅण्डमेडची फार कदर. दसऱ्याला राजीनामा. तोवर जमलं नाही तर मुकाट्याने ऑफिस, असं बायकोने, प्रतिभाने, कबूल करून घेतलंय. घेऊ दे.

५ ऑगस्ट
नवरीला प्रतिभाचाच चेहरा देणार. ती चक्क लाजली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी.

१४ ऑगस्ट
पहिला लॉट तयार. ओठांचा लाल रंग जरा हनुवटीवर ओघळला. प्रतिभाने विचारलं, माझे डोळे इतके बाहेर आहेत का? म्हटलं, ही शैली. शिवण वाकडी गेलीय, नीट करून देते म्हणाली. कलेत लुडबुड नको, असं बजावलं.

२० ऑगस्ट
आमच्या फ्रीगंज बाजारातल्या गिफ्टवाल्याने बाहुल्या काउंटरवर मांडल्या. बघताच एक मूल रडलं. खरी कला थेट काळजाला भिडते.

२१ ऑगस्ट
बाहुल्या परत. फ्रीगंज अजून मागासलेलंच.

९ सप्टेंबर
नदीवर राम घाटाला बाहुल्या मांडून बसलो. एक पंडितजी हात जोडून म्हणे, ये कौनसी देवी हैं? नवरी आहे सांगितल्यावर जोडलेले हात मागे घेतले.

२२ सप्टेंबर, दुपार
जमलं! देवास गेटला भेरूलालचं ट्रकच्या सजावटीच्या सामानाचं दुकान आहे. त्याने सगळा माल उचलला. म्हणे, भाईसाब, ऐसी चीज़ पूरे मालवे में नहीं! माल बहुतेक ट्रकने थेट मुंबई बंदरात जाणार. प्रतिभाने देवापुढे साखर ठेवली. राजीनामा टाइप करून खिशात.

४ ऑक्टोबर
मेव्हण्याला आनंदाची बातमी द्यायला दोघं बसने इंदूरला निघालो. पुढे कोरा ट्रक. मागे लिंबू-मिरची, फाटका जोडा आणि मधोमध प्रतिभा. उलटी टांगलेली. कंडक्टर कौतुकाने सांगत होता, नया नजरबट्टू चला है, इसे देख के तो नजर खुद भाग जाए. प्रतिभाने इंदूरपर्यंत पदराने तोंड झाकून ठेवलं. येतानाही. मला फार वाईट वाटलं. कंडक्टरला कलेतलं काय कळतं?

दसरा
राजीनामा दिला नाही. ऑफिसला सुट्टी होती.

११ ऑक्टोबर
प्रतिभाने रागारागात स्वतः एक बाहुला शिवला. टक्कल, चष्मा, पडलेल्या मिशा. दारावर उलटा टांगला. शिवण सरळ आहे, हे मान्य. भेरूलाल नवीन माल मागायला आला तो दारातच थबकला. बाहुल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोठी ऑर्डर दिली. तिला.

१८ ऑक्टोबर, रविवार
ऑफिस सुरू आहे. रविवारी मात्र पूर्ण वेळ कला. मी खुर्चीत न हलता बसतो, प्रतिभा बघून बघून चेहरे काढते. आज मला जरा हसू आलं तर ओरडली. म्हणे, असं गोड हसलात तर माल कोण घेईल?