नकाशात नसलेलं आवार

कळंबोली,
९ फेब्रुवारी २०१७

चि. प्रितम,

अनेक आशीर्वाद. थंडी ओसरली, माझा गुडघा बरा आहे. सुकट पाठवली आहे. डबा उघडताना खिडक्या उघड्या ठेव म्हणावं पूर्वीला, नाहीतर सासूच्या नावाने बोटं मोडेल.

तुझ्या कंपनीचा आराखडा वाचला. आयुष्य संपलेल्या गाड्या गोळा करायच्या, त्यांचं लोखंड पुन्हा वापरात आणायचं, जिल्ह्यात तीन केंद्रं, प्रत्येकात गाडी चिरडणारं यंत्र. इंग्रजी सुरेख आहे, माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर खूश झाल्या असत्या. नकाशाही सुबक. फक्त कळंबोलीसमोर 'सध्या व्यवस्था नाही' असं लिहिलंयस.

हौसाला मी ते वाचून दाखवलं. आपल्या भंगाराच्या आवारात बसून ट्रकच्या वायरी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आमी नाय? मंग बावीस वरसं राबतो ती काय भुतं? पोराला सांग बाय, भुतांना बी जेवाया लागतं."

आराखड्यात 'तोडणी' हा शब्द एकोणीस वेळा आलाय. आपल्याकडे गाडी कुणी तोडत नाही, खोलतात. बाबा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे बजावायचे. आधी तेल काढायचं, मग बॅटरी, काचा, गिअरबॉक्स. चालणारा भाग दुसऱ्या गाडीत जातो, उरलेलंच भट्टीला. यंत्राला हे कळणार नाही. तुला कळतं. सातवीत असताना तू डोळे मिटून, नुसतं चाचपून, डायनॅमो कुठल्या ट्रकचा ते सांगायचास आणि बाबा सगळ्यांना चहा पाजायचे.

मग आपलंच आवार का वगळलंस? चार दिवस हेच मनात आहे, आणि उत्तर मला ठाऊक आहे. तुझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'ट्रान्सपोर्ट' लिहिलं होतं. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी काळे हात खिशात घातले. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, वाचता येत होतं तुला.

तुझ्या आराखड्यावरच्या सोमवारच्या सुनावणीला मी येते आहे, हौसा आणि आणखी एकतीस जणांना घेऊन. हरकतीचा अर्ज मीच लिहिलाय. केंद्र काढा, यंत्रही आणा. पण ते कळंबोलीत, आणि गाड्या खोलायला हीच माणसं. तसं लिहून मिळेपर्यंत आम्ही खुर्च्या सोडणार नाही.

तिथे मी तुला साहेब म्हणेन. या बाई कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव.

भंगारवाल्या कृष्णकांतांची बायको,
तुझी आई