बाहेरून लावलेली कडी

भुसावळ,
रविवार, ता. ८ ऑक्टोबर १९९५

नर्मदाबाई यांस,

सप्रेम जयभीम. ‘सप्रेम’ हे रीत म्हणून लिहिलं आहे, मनावर घेऊ नये.

आम्ही सर्व ठीक. काल आणि आज इकडे आभाळ भरून आहे, पाऊस नाही, नुसता उकाडा. तिकडे शिरपूरला कापूस वेचणीला आला असेल. रेडिओवर कोरडं हवामान सांगितलं आहे, तेव्हा बोंडं भिजायची नाहीत. यंदा थंडी मात्र लवकर पडेल म्हणतात. त्याचा विचार तुम्ही करावा, कारण तान्ह्या मुलाला सर्दी झाली की डॉक्टर भूल देत नाहीत.

तुमचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांतलं पहिलंच. तुमच्या वाल्मीकला दुसऱ्या बायकोपासून, म्हणजे कुंदाबाईपासून मुलगा झाला आणि त्याचाही वरचा ओठ फाटलेला आहे, असं तुम्ही कळवलंत. आमच्या सुमेधाचा ओठ ज्यांनी शिवला त्या डॉक्टरांचा पत्ता तुम्हाला हवा आहे. शिवाय, झालं गेलं विसरून जावं, असंही तुम्ही कुणाकडून तरी लिहवून घेतलं आहे.

मी विसरत नाही. १९८० च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण. शनिवार होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याच पलीकडे कडब्याच्या खोलीत सात महिन्यांची गर्भार माझी विशाखा. हलायचं नाही, पाय मुडपायचे नाहीत, पाणी प्यायचं नाही. बाहेरून कडी तुम्ही स्वतः लावलीत. आत ना विळी होती ना कात्री.

एप्रिलमध्ये सुमेधा झाली आणि तुम्ही भर गल्लीत उभ्या राहून म्हणालात, “इनी ग्रहणमा काहीतरी चिरं शे. आम्हना घरमा आसं कोणलेच नही.” वाल्मीक शेजारी खाली मान घालून उभा होता. महिन्याच्या लेकरासकट माझी मुलगी तुम्ही एस.टी.त बसवून दिलीत.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. बाळाचा ओठ पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जुळतो, हे तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं. “शिकेल बायासनं काय आयकानं,” म्हणालात. आता कुंदाबाई पोटुशी असताना आपल्याकडे सूर्यग्रहण झालंच नाही. आया दोन, बाप एकच. हिशेब तुम्हीच करा.

पत्ता मिळेल. माझी अट आहे. येत्या चोवीस तारखेला, मंगळवारी सकाळी ग्रहण आहे. ते लागलेलं असताना तुम्ही अंगणात बसून विळीवर कांदे चिरायचे. शेजारच्या भिकुबाईला आणि तेव्हा गल्लीत असलेल्या बायांना बोलवायचं, आणि कडी कोणी लावली होती ते तोंडाने सांगायचं. मी सुमेधाला घेऊन येते. ढगांचं निमित्त चालणार नाही. आभाळ भरलेलं असलं तरी ग्रहण असतंच.

यशोधरा तायडे


भुसावळ,
रविवार, ता. २९ ऑक्टोबर १९९५

नर्मदाबाई यांस,

जयभीम. मंगळवारी मी तुमच्या घरचं पाणीही न घेता निघाले. बोलायचं राहिलं ते लिहिते.

आभाळ स्वच्छ होतं, तुमचं नशीब म्हणा. ऊन फिकं पडत गेलं, कोंबड्या गोंधळल्या, आणि तुम्ही विळी पुढ्यात घेऊन नुसत्या बसलात. बायका आल्या खऱ्या, पण उंबरठा ओलांडून अंगणात एकही उतरली नाही. “बाई, डोया फुटतीन, मांगे व्हा,” असं एकमेकींना सांगत त्या दारातूनच बघत होत्या. कुंदाबाई तेवढी बाळाला घेऊन उघड्यावर उभी होती.

शेवटी तुम्ही पहिला कांदा चिरलात. ते मी पाहिलं, आणि मला वाईट वाटलं नाही. मग भिकुबाई दारातून ओरडली, “नर्मदाक्का, कडी कोनी लाई व्हती, ते सांग ना.”

तुम्ही पुटपुटलात.

“आयकू उनं नही, अक्का.”

“मीच लाई व्हती. पोरनी काहीच चिरं नही.”

एवढं ऐकायला मला विशाखाचं तरुणपण खर्ची घालावं लागलं. तुम्ही रडलात. कांद्याने की कशाने, ते मी विचारलं नाही.

तुम्ही सुमेधाला हाक मारलीत. ती ग्रहण बघायचा काळा चष्मा लावून वर बघत होती. “आजी, पाहा, कोर किती बारीक झाली,” हे ती मला म्हणाली, तुम्हाला नाही. तुम्ही कोण हे तिला ठाऊक आहे. तिला सूर्य जास्त महत्त्वाचा वाटला. हे मी शिकवलेलं नव्हतं.

आता राहिलेलं. तुमचं पत्र येण्याआधीच कुंदाबाई बाळाला घेऊन माझ्या दारात उभी राहिली होती. माहेरी धुळ्याला जाते असं तुम्हाला सांगून आली होती. तुम्ही तिलाही विचारायला लागला होतात, “काय चिरं तू? खरं सांग.” विशाखाने तिला जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी जळगावला डॉक्टरांकडे नेलं. शस्त्रक्रियेची तारीख तेव्हाच ठरली, थंडी पडायच्या आत. मी तुम्हाला अट घातली तेव्हा देण्यासारखा पत्ता माझ्याकडे उरलेलाच नव्हता. लेकराचं तोंड मी गहाण ठेवणार नाही, हे तुमच्या मनातही आलं नाही. कारण तुम्ही ठेवलं असतंत.

कुंदाबाईला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिने तुम्हाला कांदे चिरू दिले. तिला एस.टी.त बसवायची वेळ आली, तर आता गल्ली तुमचं ऐकणार नाही. ते तिला हवं होतं. मला काय हवं होतं, ते मी तुमच्या अंगणात उभं राहून घेतलं.

माफी मागायला इकडे येऊ नका. विशाखाला ती नको आहे, आणि मी देणार नाही.

दवाखान्यात बाळाजवळ आईशिवाय घरातल्या एकाच बाईला राहू देतात. आजी म्हणून कुंदाबाईने माझं नाव सांगितलं आहे.

यशोधरा