उरलेला एक शब्द

२० नोव्हेंबर, गुरुवार

तेजूने वही लिहायला लावली. नवी आणू नकोस म्हटलं — फुलांच्या हिशेबाच्या वहीत मागची पानं कोरी पडलीत. पुढून झेंडू, मागून मी!

लेकीच्या बँकेत माइंडफुलनेसचा वर्ग असतो. हातात असेल त्यातच मन ठेवायचं. पळालं तर त्याला रागवायचं नाही, हळूच परत आणायचं. "रोज पाच मिनिटं, आई. आणि वाटेल ते खरं लिही. कुणी वाचणार नाही."

मी म्हटलं, मग आम्ही जप करतो ते काय वेगळं?

"जप करताना तुझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं."

खरं आहे.

आज वाती वळल्या. बारा. बाराही वेळा मन दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाऊन बसलं.

२१ नोव्हेंबर

ह्यांना झटका येऊन पन्नासच्या वर दिवस झाले. उजवी बाजू गेली. आता भिंतीला धरून संडासपर्यंत जातात, एवढी देवाची कृपा. पण वाचा नाही. एकच शब्द उरलाय — उद्या.

पाणी हवं, उद्या. भूक लागली, उद्या. पंखा बंद कर, उद्या! कळतं सगळं. तोंडातून मात्र तेवढंच येतं.

थोरल्या जाऊबाई येतात, कुसाबाई. म्हणतात, "भाऊजी, इलेक्शनला उभं ऱ्हाताय काय? लय वायदे करून ऱ्हायले!" हे हसतात, अर्ध्या तोंडाने. मीही हसते. तेजू हसत नाही. उठून मोरीत जाते आणि घासलेली भांडी परत घासते.

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "असं होतं काही पेशंटना. एखादा शब्द अडकून राहतो. तोच का, हे सांगता येत नाही."

मला सांगता येतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खरं लिही म्हणाली. लिहिते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठचा सुमार. मळ्यात झेंडू नुसता पेटलेला. तोडायला दहा बायका लावलेल्या. टेम्पो वेळेत फुलबाजारात पोचला पाहिजे — दसऱ्याचा भाव दसऱ्यापुरता, दुसऱ्या दिवशी तीच फुलं गाईपुढे टाकायची.

हे बांधावर बसले. एरवी कामात बसत नाहीत. म्हणाले, "अगं, हाताला मुंग्या आल्यात. बोटं जड झालीत. डॉक्टरला दाखवून येऊ का?"

मी मान वर केली नाही. "उद्या बघू. आज तोडणी आहे."

हे "बरं" म्हणाले. उठले. डाव्या हाताने क्रेट ओढत नेला — तेही मी पाहिलं!

एक वाजता टेम्पोपाशी कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास सांगितला होता का? तेजू माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर फरक पडला असता. तेजूने भिंतीला हात टेकला.

त्यांच्या तोंडात अडकलाय तो शब्द माझा आहे. मीच दिलाय. आमच्या मखमलाबादपासून दवाखाना असा कितीसा लांब होता!

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लक्ष्मी मांडली. मळ्यात अजून उरलासुरला झेंडू आहे, तरी वीस रुपयांची शेवंती विकत आणली. कुसाबाईंच्या नजरेतून काय सुटतंय! "घरचं फूल टाकून बाजारचं? तू? तब्येत बरी हाय ना तुझी?"

काय सांगू? झेंडूला हात लागत नाही माझा.

३० नोव्हेंबर

आज ह्यांची दाढी केली. न्हावी घरी यायचे दीडशे मागतो, म्हणून मीच. तेजूची पाच मिनिटं आठवली, म्हटलं ह्यातच करून बघू. साबणाचा वास. वस्तऱ्याची खरखर. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर. हनुवटीखाली एक जुना व्रण दिसला, तांदळाएवढा. एकतीस वर्षांत मला माहीत नव्हता!

गाल पुसला आणि लक्षात आलं — एवढा वेळ तो दिवस आला नव्हता.

लक्षात आलं आणि आला.

१ डिसेंबर

काही जमलं नाही. रडले. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. पाणी वाया.

४ डिसेंबर, दत्तजयंती

घरीच आरती केली. मी तबक फिरवत होते आणि पाठीमागून आवाज — ह्यांचा! सगळी आरती, शब्दन् शब्द, पहिल्यासारखी. तबक खाली ठेवलं. समोर जाऊन बसले. अहो, मी कोण? सांगा बरं, मी कोण?

खूप वेळ ओठ हलले. घाम आला. मॅडमनी बजावलंय, त्यांचा शब्द तुम्ही पुरवायचा नाही, थांबायचं. थांबले.

"उद्या," म्हणाले. आणि डोळे पुसले, डाव्या हाताने.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "पाठ असलेलं, चालीवरचं येतं बऱ्याचदा. मनातलं सांगायचं म्हटलं की अडतं."

देवाशी बोलता येतं. माझ्याशी नाही. बरोबरच आहे.

७ डिसेंबर, रविवार

तेजू आली. बापाचे पाय चेपत होती. हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या." ती ताडकन उठली. मोरी. भांडी.

मी विचारलं, काय झालं गं? माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नाही. आई, तू खरं लिहितेस ना वहीत? मनात ठेवू नकोस काही. आजारी पडशील."

तिला कळलंय. दवाखान्यात खोटं बोलले तेव्हाच कळलं असणार. सरळ विचारत नाही, माझ्याच तोंडून यायची वाट बघतेय. म्हणूनच वही. म्हणूनच वर्ग.

१० डिसेंबर

सांगून टाकायचं. लेक तुटली तर तुटली. रविवारी येईल तेव्हा. फोनवर नको.

आज का नको? बघा, परत पुढे ढकललं!

१३ डिसेंबर

देवापुढे पाच मिनिटं बसले. नुसती. काही मागितलं नाही. भीती वाटत होती, ती बघत बसले. गेली नाही. पण मीही उठले नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सांगितलं. मटार सोलता सोलता, खाली बघून, सगळं. बांध, मुंग्या, जड बोटं, उद्या बघू.

तेजूचे हात थांबले. वाट बघितली — आता उठेल, जाईल.

"आई, मला बाबांचा फोन आला होता त्या दिवशी. साडेनऊला. हात जड वाटतोय म्हणाले. मी म्हटलं, उद्या येतेच आहे ना सोनं द्यायला, उद्या बघू." मग म्हणाली, "मला वाटायचं, तो शब्द माझा आहे."

साडेनऊला. म्हणजे माझ्यानंतर.

आतून हाक आली — उद्या. दोघी एकदमच उठलो.