एकाचं पथ्य, दोघांचं

कामरगाव, ३ नोव्हेंबर १९५५
कारंज्याच्या डॉक्टरांनी ह्यांचं ब्लडप्रेशर दोनशे सांगितलं. सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या, रोज दोन. हे हटून बसले, म्हणे त्यानं काळीज मंदावते. काळजाचं मला सांगू नये. मी नागपूरला इंटर सायन्स केलंय. पण ह्या घराची रीत, एकाचं पथ्य ते दोघांचं. सासऱ्यांसाठी सासूबाईंनी वर्षभर अळणी खाल्लं. "तू खाशीन तं मी खाईन," म्हणाले. ठीक. उद्यापासून दोघंही. निरोगी हृदयाला औषध काही करीत नाही, हे नाडी मोजून सिद्ध करीन. डॉक्टरांना विचारण्यासारखं त्यात काही नाही. आज नाडी ७६.

९ नोव्हेंबर
नाडी ६८. नियमित जीवनाचा परिणाम. नाक चोंदलं, ते कपाशीच्या धुळीनं. हे आधी माझ्या तोंडाकडे पाहतात, मग गोळी गिळतात.

१७ नोव्हेंबर
नाडी ६०. घड्याळ पुढे पळत असणार. स्वयंपाकाची रंगूबाई म्हणाली, "बाई, तुमी आजकाल रागावून नाही राह्यल्या. मले भेव लागते." तिला फैलावर घ्यायचं ठरवलं. उद्या.

२६ नोव्हेंबर, दुपार
भाकरीकडे पाहून रडू आलं. कांदा चिरला असेल. रंगूबाई म्हणते, कांदे संपून आठ दिवस झाले. असो. कारंज्याला तपासलं, ह्यांचं प्रेशर एकशे साठ! पद्धत अचूक.

४ डिसेंबर
उठावंसं वाटेना. नाडी ५० की ५२. मोजता मोजता कंटाळले. कशातच राम नाही असं वाटतं. थंडीनं होतं तसं.

८ डिसेंबर
विहिरीजवळ मी चक्कर येऊन पडले. ह्यांनी मोटारीनं कारंज्याला नेलं. डॉक्टरांना खरं सांगावं लागलं. फार बोलले. चांगलं हृदय मी औषधानं दाबून ठेवलं, म्हणे. माझी गोळी बंद. ह्यांनी मात्र सोडली तर झटका येईल.

९ डिसेंबर, सकाळ
ह्यांच्यापुढे गोळी ठेवली. "तुही?" माझी बंद झाली, म्हटलं. ह्यांनी गोळी डबीत परत टाकली. "मंग माहीबी बंद. एकट्यानं खायले मी काय पाव्हना हाओ?" डॉक्टरांचं सगळं पुन्हा ऐकवलं. संध्याकाळी घेतील. माझ्या शब्दाबाहेर नाहीत हे.

संध्याकाळी ७
नाही घेतली. मला दूध-भाकर कुस्करून दिली. डोकं ठणकतं म्हणाले, आणि मोठ्या आशेनं विचारलं, "तुहंबी?"
हो म्हटलं.