खुर्च्यांखालची पिवळी पूड

४ मार्च, सकाळी ७
प्लास्टिकचे दिवस भरले. बायको ज्या लायब्ररीत काम करते, तिथून बारा बांबूच्या खुर्च्यांची ऑर्डर आली. तिने शब्द टाकला म्हणे. निवड अर्थात गुणवत्तेवर. बांबू चार वर्षांत तयार, तोडला तरी पुन्हा फुटतो. ग्रीन इकॉनॉमी म्हणतात ती हीच. मी वेळेवर शिरलोय.

६ मार्च
बांबूकाम शिकवायला एक म्हातारे कारागीर आले. म्हणाले, बांबू आधी पंधरा दिवस बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. पंधरा दिवस? माणूस वेळ काढतोय. चहा पाजून वाटेला लावलं.

२८ मार्च
बारा खुर्च्या तयार. लायब्ररीला एप्रिलअखेर द्यायच्या. एक किंचित डुलते. त्याला लवचिकता म्हणतात.

९ एप्रिल
शेडमध्ये खुर्च्यांखाली पिवळी पूड. झाडली.

१० एप्रिल
पुन्हा पूड. समोरचा प्लास्टिक-खुर्चीवाला आज आपणहून हसला. कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ एप्रिल
शेडला नवं कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पूड दुप्पट. म्हणजे घरातलंच कोणीतरी. बायकोला विचारलं, काल दुपारी कुठे होतीस? म्हणाली, काम होतं. कुठलं ते सांगितलं नाही. नोंद केली.

१५ एप्रिल, दुपारी ३
पाठलाग केला. बायको थेट त्या कारागिराच्या घरात. पाऊण तास. बाहेर पडली तेव्हा हातात पांढऱ्या पावडरीचं पुडकं. तिथे पांढरी, इथे पिवळी. मला चकवायला रंग बदलतात.

१६ एप्रिल
प्लास्टिकवाल्याला तोंडावर जाब विचारला. तो शांतपणे शेडमध्ये आला, एका खुर्चीला कान लावला आणि म्हणाला, “तुम्हीही ऐका.” ऐकलं. आत कुरकुर चालू होती. कोणीतरी निवांत जेवत होतं.

१७ एप्रिल
कारागीरकाका आले. खुर्चीचा पाय दोन बोटांनी मोडला. आत नुसता तोच पिवळा भुसा. बांबूतल्या स्टार्चवर कीड येते, म्हणून तो बोरॅक्सच्या, म्हणजे पुडक्यातल्या त्या पांढऱ्या पावडरीच्या, पाण्यात ठेवायचा असतो. बायकोने लायब्ररीकडून दोन महिन्यांची मुदत आधीच मागून घेतलीय. काकांची माफीही मागितलीय, माझ्या वतीने. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, “सांगितलं असतं, तर तुम्ही माझीच झडती घेतली असती.”


१८ एप्रिल
बायको आणि काका नवे बांबू बोरॅक्सच्या टाकीत रचत होते. काही मदत करू का, विचारलं. काकांनी बादलीकडे बोट दाखवलं.
दिवसभर पाणी भरलं.