आमटीत केस नव्हता

बाळा,

आठवडाभर तुझ्या आमटीत केस दिसतो म्हणून मी भांडलो, त्याबद्दल माफ कर. केस माझ्या डाव्या डोळ्यात होता. डॉक्टरांनी आत उजेड मारून पाहिलं आणि म्हणाले, "दिसतो तो केस नाही, आतल्या सुजेची सावली आहे. पडद्याला लागण झालीय. बहुतेक कांजिण्यांचा विषाणू."

मी म्हटलं, "कांजिण्या मला तिसरीत असताना झाल्या!"

"तेव्हापासून तो अंगातच झोपला होता. आता उठलाय."

तपासायला सुईने डोळ्यातलं थेंबभर पाणी काढलं. पण रिपोर्टची वाट न बघता आजच सलाईनमधून औषध सुरू करायचंय, नाहीतर उजव्या डोळ्यालाही धोका. तू डोळ्यात गुलाबपाणी घातलंस, तेही सांगितलं. ते हसले नाहीत.

कपडे घ्यायला आपल्या खोलीवर आलो होतो, आता सरकारी दवाखान्यात ॲडमिट व्हायला चाललोय. डोळ्यातल्या औषधामुळे मोबाईल दिसत नाही, म्हणून हे वाकडं अक्षर.

गावाहून तुझ्या मंदावहिनीचा फोन आला तर मी ओव्हरटाइमला गेलोय म्हण. माझा आवाज जरा ताळ्यावर आला की उद्या मीच तिला सांगेन.

फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तुझं नाव दिलंय आणि नात्यापुढे 'भाऊ' लिहिलंय. आडनाव वेगळं कसं, असं त्यांनी विचारलं, तर मावसभाऊ म्हण. पण नाही म्हणू नकोस.

शत्रुघ्न